आधी नाव नीट लिहून घ्या, चित्राचं मागाहून पाहू

पत्र असं आहे:

"आम्ही अमळनेर तालुक्यातल्या एका गावात उडदाचे पापड, ज्वारीचे बिबडे आणि कुरडया करतो. मी आणि शेजारच्या काही बायका. माल सासूबाईंच्या नावाने विकतो, कारण हात त्यांचाच आहे आणि लोक त्यांच्याच नावाने मागतात. आजवर साध्या पिशवीत हाताने लिहिलेली चिठ्ठी टाकत होतो. आता जळगावचे दोन दुकानदार म्हणतात, नाव छापलेली पिशवी असेल तरच माल ठेवू. मुलाने मोबाइलवरच्या ॲपमध्ये लोगो केला. बाई पापड लाटतेय, मागे सूर्य, खाली सोनेरी इंग्रजी अक्षरांत नाव. जळगावच्या डिझायनरने विचारलं, लोगोटाइप हवा की चिन्ह हवं? दोन्हींचे पैसे वेगळे. सासरे पूर्वी धुळ्याला छापखान्यात जुळारी, म्हणजे शिशाची अक्षरं जुळवणारे, होते. ते म्हणतात, लोगोटाइप म्हणजे शिशाचा जोडखिळा, तो आता कुठून आणणार? तिघं तीन गोष्टी सांगतात. चित्र नसेल तर गिऱ्हाइकाला ओळख पटेल का? नाव इंग्रजीत हवं का? सुरतेला आमचे बरेच नातेवाईक आहेत, तिकडेही माल जातो."

ताई, नमस्कार.

तुमच्या ब्रँडचं नाव मुद्दाम इथे छापत नाही. त्याची नोंदणी व्हायची आहे आणि तोवर ते चारचौघांत न आलेलं बरं. त्याबद्दल पुढे लिहितोच.

तुम्हाला वाटतं तसं तुमच्या घरात भांडण नाही. सासरे आणि डिझायनर एकाच गोष्टीबद्दल बोलताहेत. सासरे तिचं जुनं रूप सांगतात, डिझायनर आजचं.

सासऱ्यांनी आयुष्यभर जे केलं ते मुलाला एकदा दाखवायला सांगा, कारण लोगोटाइपचा खरा अर्थ तिथेच कळतो. जुळारी केसच्या, म्हणजे पेटीच्या, खणांतून एकेक खिळा, म्हणजे शिशाचं अक्षर, उचलून स्टिकमध्ये, म्हणजे हातातल्या पट्टीत, लावायचा. शब्द झाला, ओळ झाली, मजकूर गॅलीत म्हणजे तबकात गेला, प्रूफ निघालं, बांधलेल्या पानांचा फर्मा मशीनवर चढला. छपाई संपली की तेच खिळे सोडवून परत ज्याच्या त्याच्या खणात. जे शब्द सारखे लागायचे त्यांच्यासाठी अख्खा शब्द किंवा त्यातली दोन-चार अक्षरं एकाच खिळ्यावर ओतून घेत. हा लोगोटाइप. जोडाक्षराचा खिळा वेगळा. इंग्रजीत एफच्या शेजारी आय आला की एफचं वाकलेलं टोक आयच्या टिंबावर आदळतं, म्हणून ती दोन्ही अक्षरं जोडून ओतत. आपल्याकडे क्ष, ज्ञ, श्र हे तर असेच खिळे, आणि त्यात वेलांट्या-मात्रांची भर. देवनागरी जुळाऱ्याच्या पुढ्यात शेकडो खण असायचे ते यामुळे. सासऱ्यांच्या बोटांना ते खण अजून पाठ असतील.

अठराव्या शतकाच्या अखेरीला लंडनमध्ये हेन्री जॉन्सन या माणसाने सगळं छापकामच अशा जोडखिळ्यांनी करायचं ठरवलं होतं. जॉन वॉल्टर यांनी त्याचे हक्क घेतले आणि ही पद्धत लोकांना दाखवायला म्हणून १ जानेवारी १७८५ रोजी 'डेली युनिव्हर्सल रजिस्टर' नावाचं वर्तमानपत्र काढलं. शब्दाशब्दाला खिळा म्हटल्यावर खण इतके वाढले की जुळाऱ्याला हवा तो खिळा शोधतानाच वेळ जायचा. पद्धत बारगळली. पत्र मात्र चाललं, आणि १ जानेवारी १७८८ पासून त्याचं नाव 'द टाइम्स' झालं. आजही ते निघतं.

रोजच्या मजकुरासाठी जोडखिळा टिकला नाही. तो टिकला नावांसाठी. वर्तमानपत्राचं शीर्षक, जाहिरातीतलं कंपनीचं नाव. कारण साधं आहे. नाव एका तुकड्यात ओतलेलं असलं की धुळ्याचा जुळारी असो की मुंबईचा, तो ते उचलून लावणार. अक्षरांमधली जागा त्याला कमीजास्त करता येत नाही, दुसऱ्या वळणाचा खिळा घालता येत नाही, घाईत एखादी वेलांटी सुटत नाही. शंभर ठिकाणी छापलं तरी नाव एकाच चेहऱ्याचं.

शिसं गेलं, पण ते काम तसंच राहिलं. तुमचा डिझायनर ज्याला लोगोटाइप म्हणतो ते हेच आहे: तुमचं नाव, एकदा ठरवलेल्या अक्षरांत, ठरवलेल्या अंतराने, एका तुकड्यात. ते पुन्हा कुणी टाइप करायचं नाही. फाइल उचलायची आणि लावायची. चिन्ह म्हणजे अक्षरांशिवायची खूण, एखादा आकार किंवा चित्र. बोलताना आपण दोन्हींना लोगोच म्हणतो, म्हणून गोंधळ होतो.

आता माझं मत स्पष्ट सांगतो. तुम्ही फक्त लोगोटाइप करून घ्या. चिन्हाचे पैसे आज देऊ नका.

चित्र नसेल तर ओळख पटेल का, असं तुम्ही विचारता. ताई, ओळख आज कशावर पटते? वैशाखात बोरी नदीकाठी सखाराम महाराजांची यात्रा भरते तेव्हा बाया तुमच्याकडे सासूबाईंचं नाव घेऊन येतात, हे तुम्हीच पत्रात पुढे लिहिलंय. म्हणजे नाव लोकांच्या तोंडी बसलेलं आहे, फक्त ते डोळ्यांना कधी दिसलेलं नाही. त्या नावाला चेहरा द्यायचा, एवढंच काम आहे. चिन्हाचं उलट असतं. चिन्हाला आपला स्वतःचा अर्थ नसतो, तो वर्षानुवर्षं नावाशेजारी उभं राहून मिळवावा लागतो. नायकेची ती बाकदार खूण १९७१ मध्ये कॅरोलिन डेव्हिडसन या विद्यार्थिनीने काढली. कंपनीने शेजारचं नाव काढून ती खूण एकटी वापरायला घेतली तेव्हा १९९५ उजाडलं होतं. तोवर जाहिरातींवर किती पैसा ओतला गेला असेल त्याचा अंदाज करा. स्टेट बँकेचं निळं वर्तुळही १९७१ चंच, अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेतल्या शेखर कामत यांचं. ते आज गावोगावी ओळखू येतं, कारण गावोगावी त्या वर्तुळाखाली शाखा उघडल्या. तुमच्याकडे शाखा नाहीत, पिशवी आहे. पिशवीवर जागा तळहाताएवढी. त्या जागेत नाव मोठं असावं की बाई?

आणि पापड लाटणारी बाई आधीच किती पिशव्यांवर आहे ते जळगावच्या कुठल्याही किराणा दुकानात उभं राहून पाहा. बाई, पोळपाट, सूर्य, कडेला गव्हाच्या ओंब्या. (उडदाच्या पापडावर गव्हाच्या ओंब्या का असतात हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही.) ॲपमधली ही चित्रं तयार साच्यांतून येतात. मुलाला मिळाली तशीच ती उद्या चाळीसगावच्या किंवा नाशिकच्या कुणालाही मिळतील. उद्या कुणी तुमच्यासारखीच पिशवी काढली तर हे चित्र माझंच आहे असं तुम्हाला सांगताही येणार नाही. मुलाला मात्र नाउमेद करू नका. त्याने हौसेने केलं, आणि त्याच्यासाठी याहून मोठं काम पुढे आहे.

निव्वळ अक्षरांवर मोठा धंदा उभा राहतो का, ही शंका असेल तर कोका-कोला पाहा. ती वळणदार अक्षरं १८८६ मध्ये कंपनीच्या हिशेबनिसाने, फ्रँक रॉबिन्सन यांनी लिहिली. त्या काळी अमेरिकेत हिशेबाच्या वह्यांतून जे सुवाच्य वळण शिकवत, तेच. वेगळं काही शोधून काढलं नव्हतं. फक्त ते नंतर फारसं बदलू दिलं नाही. आणि लांब कशाला जायचं, तुमच्याच अमळनेरात १९४५ मध्ये वनस्पती तुपाची 'वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स' सुरू झाली. एवढं लांबलचक नाव डब्यावर कुठे बसणार आणि कुणाच्या लक्षात राहणार? त्याचं आखडून 'विप्रो' झालं, आणि पुढे तूप मागे पडून संगणक आले तरी तो आखूड शब्द पुरला. नाव दोन-तीन अक्षरी असलं की निम्मं काम झालेलं असतं. तुमच्या सासूबाईंचं नाव तीन अक्षरीच आहे. त्याच्यामागे 'गृहउद्योग महिला समूह' वगैरे जे जोडलंय ते मागच्या बाजूला पत्त्यात जाऊ द्या, लोगोटाइपमध्ये नको.

आता अक्षरांकडे येतो. इथे थोडा वेळ थांबणार आहे, कारण डिझायनरशी बोलताना तुम्हाला हेच लागेल.

तुमच्या नावात ल आहे. संगणकावर बरेचदा तो हिंदी वळणाचा ल येतो, उभी काठी आणि डावीकडे वळलेली शेपटी. आपला ल दोन पाकळ्यांचा, शाळेत पाटीवर गिरवलेला. सासूबाईंना विचारा त्या सही कशी करतात. आपल्या नावातला ल आपल्यासारखा दिसला पाहिजे. काही फॉन्टांत मराठी ल दडलेला असतो आणि भाषा मराठी निवडली की बाहेर येतो, काहींत नसतोच. श चंही तसंच. डिझायनरला एवढंच सांगा, "ल आणि श मराठी वळणाचे." तो मराठी माणूस असेल तर त्याला लगेच कळेल.

मग शिरोरेषा. देवनागरी शब्द एकसंध दिसतो तो तिच्यामुळे. ती फार जाड झाली की खालची अक्षरं तिला लोंबकळल्यासारखी दिसतात. फार बारीक झाली की पिशवीच्या छपाईत तुटते. तिच्या वर वेलांटी, मात्रा किंवा रफार आला की उंची वाढते, आणि नेमकी तीच उंची पिशवीच्या वरच्या शिलाईत कापली जाते. मग अक्षरांच्या पोटातल्या पोकळ्या पाहा. भ, म, थ, ध, क यांच्या पोटात शाई भरून येते. छोट्या आकारात क चा गोळा काळा झाला की शब्द वाचताना डोळा अडखळतो. ख ची जोडणी सुटली की तो 'रव' वाचला जातो. 'खान्देश' हाच शब्द घ्या. ख सुटता कामा नये, न ला पुढचा द चिकटला तरी दोन्ही ओळखू आले पाहिजेत, आणि वरच्या मात्रेला टेकायला जागा हवी. एका शब्दात एवढं आहे. म्हणून चांगला अक्षरकार तयार फॉन्टमध्ये नाव टाइप करून थांबत नाही. तो तिथून सुरुवात करतो आणि मग अंतरं जुळवतो, पोकळ्या मोकळ्या करतो, एखादी काठी आखूड करतो. तुम्ही पैसे देताय ते या कामाचे.

देवनागरीचा जाड-बारीकपणा बोरूच्या तिरक्या कापातून आला आहे. इंग्रजी अक्षरांत जाडी जिथे पडते तिथे ती आपल्याकडे पडत नाही. इंग्रजी अक्षरं तोडून-जोडून वर रेघ मारून केलेली मराठी किंवा शिरोरेषा चढवलेली इंग्रजी, हे दोन्ही प्रकार डिझायनरने दाखवले तर नको म्हणा. लांबून भारी वाटतं, जवळ आल्यावर वाचता येत नाही, आणि तुमचं गिऱ्हाईक बहुतेक पन्नाशीच्या पुढचं आहे.

सोनेरी छटाही नको. उजळ पिवळ्यातून गडद तपकिरीकडे जाणारा तो रंग मोबाइलच्या पडद्यावर झगमगतो. पिशवी रोटोग्रॅव्हरवर, म्हणजे कोरलेल्या सिलिंडरांनी, छापली तर प्रत्येक रंगाला वेगळा सिलिंडर लागतो आणि प्रत्येक सिलिंडरचे पैसे वेगळे. मजकुरात पुढे काही बदल झाला तर तो सिलिंडर पुन्हा. तुमच्याएवढ्या मालाला सध्या ते परवडणारं नाही. साधी चांगल्या जाडीची पारदर्शक पिशवी घ्या, माल दिसू द्या, पापडाचा रंगच तुमची जाहिरात आहे. वर एका रंगातलं स्टिकर. लोगोटाइप आधी निव्वळ काळ्यात करून घ्या. काळ्यात उभा राहिला तर कुठल्याही रंगात उभा राहतो. नुसत्या रंगावर उभा राहिलेला लोगो शिक्क्यात, बिलबुकात आणि बारकोडच्या थर्मल प्रिंटरवर गळून पडतो.

डिझायनर कामं संगणकावर मोठी करून दाखवेल. तिथे सगळंच छान दिसतं. तुम्ही त्याला एकच कागद मागा. त्यावर नाव पाच आकारांत छापलेलं हवं, सगळ्यांत लहान अंगठ्याच्या नखाएवढं. त्याच कागदावर एकदा काळ्या पट्टीत पांढरी अक्षरं. काळ्यात पांढरं छापलं की अक्षर आतल्या बाजूने बारीक होतं, कारण शाई आत सरकते. मग त्या कागदाची झेरॉक्स काढा आणि त्या झेरॉक्सची पुन्हा झेरॉक्स. ती स्वयंपाकघरातल्या फळीवर डब्यांमध्ये उभी करा, दुकानाच्या काउंटरइतक्या लांब उभ्या राहा आणि नाव ठाऊक नसलेल्या कुणाला तरी वाचायला सांगा. वाचलं तर पास. व्हॉट्सॲपच्या गोल चौकटीतही लावून पाहा. लांब नाव तिथे दोन्ही बाजूंनी कापलं जातं, तुमचं तीन अक्षरी बसेल.

काम पसंत पडलं की डिझायनरकडून काय काय घ्यायचं हे आधीच ठरवा. जेपीजी फोटो पुरत नाही. तो मोठा केला की कडा फाटतात. मूळ कोरल-ड्रॉची सीडीआर फाइल, तिची पीडीएफ आणि एसव्हीजी, आणि सगळी अक्षरं कर्व्हमध्ये, म्हणजे फॉन्ट न लागणाऱ्या निव्वळ आकारांत, बदललेली. हे न करता फाइल दुसऱ्या डीटीपीवाल्याकडे गेली आणि त्याच्याकडे तो फॉन्ट नसला, की नावाच्या जागी भलतीच अक्षरं उमटतात. श्री-लिपीसारख्या जुन्या फॉन्टांत तर हे हमखास होतं. फॉन्ट कुठला वापरला आणि त्याचा व्यापारी परवाना आहे का, हेही विचारा. मुक्त, बलू असे चांगले देवनागरी फॉन्ट खुल्या परवान्याने मिळतात आणि धंद्यासाठी वापरायला मोकळे आहेत. त्यामुळे चोरीचा फॉन्ट वापरायचं कारणच नाही.

तुमच्या मुलाचं काम इथे सुरू होतं. त्याला एक पान तयार करायला सांगा. वर लोगोटाइप. खाली लिहायचं की चारही बाजूंनी एका अक्षराएवढी मोकळी जागा सोडायची, यापेक्षा लहान छापायचा नाही, रंग हे दोनच. आणि त्याखाली चुकीचे नमुने, प्रत्येकावर फुली. सगळ्यांत पहिली फुली ओढून ताणलेल्या नावावर. डीटीपीवाल्याला जागा रुंद मिळाली की तो कडेचा ठिपका धरून नाव आडवं ओढतो. उभ्या काठ्या जाड होतात, शिरोरेषा आहे तेवढीच राहते, आणि तुमचं नाव तुमचं राहत नाही. सारंगखेड्याच्या यात्रेत लावायचा फ्लेक्स असो की टेम्पोच्या मागचा पेंटर, ज्याला काम द्याल त्याच्या हातात फाइलीबरोबर हे पान द्यायचं. सासऱ्यांच्या जोडखिळ्यात अक्षरं शिशानेच बांधलेली होती, इथे ती या पानाने बांधायची. हे पान नसेल तर दोन वर्षांत तुमच्या नावाचे सात चेहरे होतात.

आता कायद्याचं, मोजकंच.

नाव ट्रेडमार्क म्हणून नोंदवा. आधी ट्रेडमार्क नोंदणीच्या सरकारी संकेतस्थळावर फुकट शोध घ्या, कारण सासूबाईंचं नाव आपल्याकडे घरोघरी असणारं आहे आणि खाद्यपदार्थांत ते आधीच कुणी घेतलेलं असू शकतं. हा शोध डिझायनरला पैसे देण्याआधी घ्यायचा. ट्रेडमार्कसाठी मालाचे वर्ग पाडलेले असतात, त्यांत पापड, कुरडया, मसाले तिसाव्या वर्गात येतात. पुढे केळीचे वेफर्स किंवा लोणची काढायची असतील तर ती एकोणतिसाव्या वर्गात, त्याला वेगळी फी. व्यक्तीच्या किंवा लघुउद्योगाच्या नावाने ऑनलाइन अर्ज केला तर एका वर्गाला सरकारी फी ४,५०० रुपये आहे, इतरांना ९,०००. नोंदणी दहा वर्षांची असते, मग नूतनीकरण.

अर्ज दोन तऱ्हांनी करता येतो. नुसत्या शब्दाचा, किंवा ठरावीक अक्षरांत लिहिलेल्या नावाच्या चित्राचा. शब्द मिळाला तर तो कुठल्याही वळणात लिहिला तरी संरक्षण मिळतं, म्हणून एकाच अर्जाचे पैसे असतील तर आधी शब्दाचा करा. शब्द अडला तर लोगोटाइपचा. 'खान्देशी पापड' हे दोन शब्द मात्र कुणालाच एकट्याने मिळायचे नाहीत. एक शब्द गावाकडचा मुलूख सांगतो, दुसरा माल. तुम्ही ते पिशवीवर खुशाल लिहा, पण लोगोटाइपच्या बाहेर, लहान अक्षरांत. अर्ज केल्यावर नावाशेजारी बारीक टीएम लावता येतं, खरं तर अर्जाआधीही लावता येतं. गोलातला आर मात्र नोंदणीचं प्रमाणपत्र हातात येईपर्यंत लावू नका, ते कायद्यात बसत नाही. आजूबाजूच्या पिशव्यांवर दिसतो म्हणून आपणही लावायचा, असं करू नका.

दुसरी गोष्ट बहुतेक जण विसरतात. पैसे दिले म्हणजे काढलेल्या अक्षरांचे हक्क आपोआप तुमचे झाले असं धरून चालू नका. डिझायनर तुमचा पगारी नोकर नाही. कॉपीराइट लेखी करारानेच हस्तांतरित होतो. त्या कागदावर मुदत लिहिली नाही तर कायदा ती पाच वर्षांची धरतो, आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारताचा धरतो. म्हणून "सर्व हक्क, कायमस्वरूपी, जगभरासाठी" एवढे शब्द, दोघांच्या सह्या, तारीख, आणि शेजारी लोगोटाइपचा छापील नमुना. एक पान पुरतं. चांगला डिझायनर याला आढेवेढे घेत नाही. घेतलेच तर तो कसा माणूस आहे हे स्वस्तात कळलं समजा.

राहिला इंग्रजीचा प्रश्न.

पिशवीच्या दर्शनी बाजूला नाव मराठीतच मोठं असू द्या. ते नाव मराठी तोंडांनीच मोठं केलंय. पण सगळी पिशवी मराठीत चालणार नाही. घटक, वजन, बनवल्याची तारीख, किंमत, पत्ता, अन्न सुरक्षेचा चौदा अंकी क्रमांक हा सक्तीचा मजकूर इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत असावा लागतो. शेजारी मराठी हवी तेवढी द्या. म्हणजे इंग्रजी येणारच आहे, ती मागच्या बाजूला तिच्या कामापुरती येऊ द्या. तिथेच नाव एकदा इंग्रजी अक्षरांतही लिहा, म्हणजे सुरतेच्या दुकानदाराला बिल करताना आणि कुणाला ऑनलाइन शोधताना अडणार नाही. पुढेमागे स्वतःचं दुकान काढलंत तर महाराष्ट्रात पाटीवर मराठी देवनागरीतच आणि इतर लिपीपेक्षा लहान नाही असा नियम आहे, तिथेही हाच लोगोटाइप तसाच चढेल.

सुरतेच्या नातेवाइकांसाठी गुजराती लोगोटाइप करू नका, निदान आत्ता नको. गुजरातीला शिरोरेषा नसते. तुमच्या नावाला जी रेघ बांधून ठेवते तीच तिथे गळते, म्हणजे अक्षरं नव्याने आखावी लागतील. तिकडे राहणारे आपले लोक मराठी वाचतात, आणि पापडाच्या पिशवीवर मराठी नाव दिसलं की हात आधी तिकडेच जातो. माल वाढला, गुजराती दुकानदार मागू लागले, तर त्याच अक्षरकाराकडून त्याच वळणाची गुजराती जोड करून घ्या. दुसऱ्याकडून नको.

डिझायनरला या आठवड्यात फोन करायचा असेल तर आधी नावाचा शोध घेऊन ठेवा. मग त्याला सांगा: फक्त लोगोटाइप, मराठी वळणाचे ल-श, आधी काळ्यात, पाच आकारांचा कागद, मूळ फाइली आणि हक्कांचं पान. नमुने तीनपेक्षा जास्त मागू नका, निवडताना घरात वाद होतात. आणि निवडायला सासऱ्यांना बसवा. अंतर कुठे सैल पडलंय आणि कुठे अक्षर अक्षराला घासतंय हे त्यांच्या डोळ्यांना दिसेल.